रेग्युलेटरवर बर्फ नव्हता

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की रेग्युलेटरवर बर्फ नव्हता.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सुरू केला, की पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या डोक्यावरचं पितळी रेग्युलेटर गारठतं. त्यावर फ्रीजरच्या कडेला धरतो तसा पांढरा बर्फ धरतो. त्या दिवशी दीड तास झाला, मी बोट लावून बघितलं, तर रेग्युलेटर आपलं कोमट. माझ्या छातीत धस्स झालं. अर्थात याला काही अर्थ नाही. कुरियरवाल्यानं बेल वाजवली तरी माझ्या छातीत धस्स होतं.

पण हा किस्सा सांगायचा तर त्याच्या आधीचे तीन-चार सांगावेच लागतात. आमच्या लॅबमध्ये किस्से कसे साठतात, तर कार्बनच्या धाग्याची लव साठते तसे. रोज झाडा, रोज पुसा, संध्याकाळी बाही झटकली की मूठभर निघतातच. वर खाज सुटते ती वेगळी.

अंबरनाथच्या एमआयडीसीत बाकीचे लोक हवेत काही ना काही सोडत असतात. आम्ही एकटेच हवेतून पकडतो, असं आमच्या ब्रोशरवर छापलंय. स्वेटर ज्या अ‍ॅक्रिलिकचा असतो, त्याच जातीचा धागा आम्ही आणतो. तो आधी भट्टीत भाजायचा, मग हवा न लागू देता जाळायचा, आणि उरलेल्या काळ्या धाग्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडायची. त्याची गोधडीसारखी जाड काळी पट्टी होते. हातरुमालाएवढी पट्टी आतून उलगडली तर एक मैदान भरेल, इतकी भोकं. त्यातून हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड भोकांत अडकतो आणि नायट्रोजन निसटून जातो. पट्टी तापवली की अडकलेला वायू सुटतो, पट्टी पुन्हा कामाला तयार.

हे सगळं तिघं मिळून करतो. करंदीकर सर डोकं चालवतात, भोईरकाका भट्टी चालवतात, आणि मी, अक्षता, एम.एस्सी., मुक्काम कात्रप, रिपोर्टवर सही करते आणि दचकते.

* * *

माझ्या दचकण्याला लॅबमध्ये इतिहास आहे. नोकरीचा तिसरा दिवस. भट्टीच्या खोलीतून एकदम फुस्सऽऽ असा लांबलचक आवाज आला. मी कॉलेजात सेफ्टीचा पेपर मन लावून लिहिलेला. मी हातातलं सोडलं, "बाहेर पडा, बाहेर पडा" म्हणत जिना उतरले आणि थेट गेटवर जाऊन उभी राहिले. माझ्यामागे अकाउंट्सच्या दोघी, वॉचमन आणि चहा घेऊन आलेले मामा. अर्धी कंपनी उन्हात.

भोईरकाका मात्र आतच होते. ते दहा मिनिटांनी टॉवेलला हात पुसत सावकाश आले आणि मामांच्या किटलीतून चहा ओतून घेतला. त्यांच्यामागून सर.

"अक्षता, ती सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी आहे," सर म्हणाले. "घरी कुकर वाजला की बिल्डिंग रिकामी करतेस का?"

सगळे हसले. मीही हसले. कात्रपला आमच्या मजल्यावर एकदा नेमकं हेच झालेलं आहे, ते सांगायची ती वेळ नव्हती.

तेव्हापासून माझं नाव 'अलार्म'. या नावाचा तोटा असा, की खरोखर काही झालं तरी लोक म्हणतात, अलार्म वाजतोय, वाजू दे.

* * *

आता लवीचा किस्सा. कार्बनच्या धाग्यातून वीज जाते. त्यामुळे हवेत उडणारी लव ज्या यंत्रात शिरेल, ते यंत्र वेड्यासारखं करतं. एकदा ती हजेरीच्या मशीनमध्ये शिरली. त्या दिवशी कुणीही बोट लावलं की मशीन म्हणायचं, भोईर. सरांनी बोट लावलं, भोईर. मी लावलं, भोईर.

महिनाअखेरीस एचआरनं काकांना नोटीस काढली, की आपण एका दिवसात चौदा वेळा आत आलात आणि एकदाही बाहेर गेला नाहीत, खुलासा करावा. बाकी आम्ही सगळे गैरहजर. काकांनी खुलासा लिहून दिला, तो अजून एचआरच्या बोर्डावर आहे: "मी भट्टीवर होतो. बाकीचे मी कुठे होते ते मला माहीत नाही."

* * *

मध्यंतरी पट्ट्यांचे तुकडे गायब व्हायला लागले. नमुना म्हणून दहा कापावेत, तर दुसऱ्या दिवशी सात. सरांना वाटलं, हेरगिरी. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कपाटावर ठेवली.

हेर घरचेच होते. भोकांत कार्बन डायऑक्साइड अडकतो तसा वासही अडकतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. अकाउंट्सवालीच्या फ्रीजमध्ये एक तुकडा, वॉचमनच्या हेल्मेटमध्ये एक, सरांच्या स्वतःच्या डब्याच्या पिशवीत एक. मीही एक नेला होता. आईनं तो फ्रीजमध्ये सुकटीच्या डब्याशेजारी ठेवला. पण ते संशोधन होतं.

याच काळात मी एक तुकडा पाकिटात घालून भोकं मोजायला बाहेरच्या लॅबमध्ये पाठवला. रिपोर्ट आला तो भयंकर. भोकं निम्मी! सरांनी चार पानांची नोट लिहिली. धाग्याची आतली रचना कशी कोसळली असावी, याच्या तीन थिअऱ्या, दोन आकृत्या. मीटिंग बोलावली आणि काकांना विचारलं, भट्टी जास्त तापली होती का. काका बराच वेळ परत आलेल्या पाकिटावरची माझी चिठ्ठी वाचत होते.

"सर, ह्यो तुकडा खिडकीत वाळत घातलेला व्हता, तो काय?"

मी म्हटलं, हो, तोच, मला वाटलं नमुना ठेवलाय.

"तो माझ्या बुटातला."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण सर पडले शास्त्रज्ञ. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "डाव्या की उजव्या?"

* * *

इथून पुढचे किस्से एकाच माळेतले आहेत, आणि त्यात मला हसू जरा उशिरा येतं.

आम्हाला पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक मिळालं. केवलभाई, उल्हासनगर कॅम्प ५. केळी पिकवायच्या बंद, थंड खोल्या आहेत त्यांच्या. ते येणार म्हणून सरांनी लॅब चकाचक करायला काढली. पडदे धुतले, माझ्या टेबलावरचे गणपती सरळ केले, आणि सगळे सिलिंडर ब्रोशरच्या पोपटी रंगात रंगवून घेतले.

आता सिलिंडरचे रंग हौसेचे नसतात. नायट्रोजनचा राखाडी, कार्बन डायऑक्साइडचा काळा-पांढरा, असं ठरलेलं असतं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. काकांनी विचारलंच, की सर, मग वळखायचा कसा. सर म्हणाले, लेबल लावा. लावली. भट्टीच्या खोलीतल्या उकाड्यात ती आठवड्याभरात सोलून खाली पडली. काकांनी गोळा करून पुन्हा चिकटवली. ज्याची त्याला, अंदाजे.

केवलभाई आले. सरांनी त्यांना तापलेली पृथ्वी दाखवली, वितळणारे हिमनग दाखवले, एक पांढरं अस्वल दाखवलं. केवलभाईंनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "साईं, पृथ्वी बाद में. पहिले माझ्या केळ्याचं बोला."

त्यांचं केळ्याचं असं, की पिकताना केळी श्वास सोडतात, माणसासारखीच. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून दिवसातून दोनदा दार अर्धा तास सताड उघडं टाकावं लागतं, त्याशिवाय माणसानं आत जायचं नाही. पण दार उघडलं की गारवा जातो, आणि माल एका बाजूनं पिवळा, एका बाजूनं हिरवा. त्यांना अशी पेटी हवी होती, की जी आतच बसून हवा साफ करेल आणि दार उघडायलाच लागणार नाही.

त्यांच्याबरोबर सुनंदाताई आल्या होत्या. बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या, पन्नाशीच्या. रोज अकरा वाजता खोलीत जाऊन क्रेट फिरवायचं आणि केळ्याचा रंग बघायचं काम त्यांचं. एकदा घाईत दार न उघडं टाकता गेल्या होत्या, तर चक्कर येऊन क्रेटवरच पडल्या. "वर घड आनि खाली मी," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "शेठचा पुतन्या आला म्हनून. नायतर मीच पिकले असते."

दोन तासांच्या त्या प्रेझेंटेशनला एकच प्रश्न आला, तो त्यांचा.

"पेटी चालू हाय का बंद, ते दिव्यावरून कळल. पन ती काम करते का नाय, ते मला कशावरून कळल?"

सर म्हणाले, बाहेर भिंतीवर मीटर लावून देऊ ना.

"आनि मीटर बिघडला तं?"

सर हसले. म्हणाले, मग या मॅडमना विचारा, रिपोर्टवर सही त्यांची असते. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मला घाम फुटला की मी नको ते बोलते. मी म्हटलं, "मी आहे ना," आणि माझा नंबर दिला. त्यांनी मिस्ड कॉल दिला, त्यांचा नंबर माझ्याकडे आला.

ते गेल्यावर मी सरांना सांगायचा प्रयत्न केला, की केळीच्या खोलीत दमट हवा असते, आपल्या भोकांत आधी पाणीच जाऊन बसेल. सर म्हणाले, ह्युमिडिटी फेज टू.

* * *

मग ती टेस्ट. बर्फ नसलेली.

एका बाजूनं नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून पट्ट्यांच्या नळकांड्यात सोडायचे, दुसऱ्या बाजूनं बाहेर येणाऱ्या हवेत किती कार्बन डायऑक्साइड उरला ते मोजायचं. आमच्याकडे मोजणारं यंत्र एकच, ते बाहेरच्या तोंडाला. आतल्या तोंडाला का नाही, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. सर म्हणाले होते, "आत किती जातो ते कशाला मोजायचं? सोडणारे आपणच ना?"

त्या दिवशी बाहेर आकडा आला शून्य. पाच मिनिटं शून्य, अर्धा तास शून्य, दीड तास शून्य. एरवी आमच्या पट्ट्या अर्ध्या तासात भरतात आणि आकडा चढायला लागतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. शून्यच.

शंभर टक्के! काका पेढे घेऊन आले. सरांनी डायरेक्टरना फोन लावला. मी रेग्युलेटरला बोट लावून उभी.

मी म्हटलं, सर, बर्फ नाहीये.

"सायन्समध्ये बर्फ नावाचा पॅरामीटर नसतो," सर म्हणाले. "पेढा घे."

मी पेढा घेतला. मग सही केली. याला मी आता काही विनोदी शेपूट लावू शकत नाही. समोर कागद आला, सगळे खुश होते, आणि मी अलार्म होते. मी सही केली.

* * *

पेटी सोमवारी कॅम्प ५ला बसली. त्या दिवसापासून केवलभाई रोज ग्रुपवर भिंतीवरच्या मीटरचा फोटो टाकायचे. आकडा इतका कमी, की सरांनी लिहिलं, "लॅबपेक्षा भारी." खाली डायरेक्टरांचे तीन अंगठे. सर तो फोटो स्लाइडवर टाकून पुण्याला कॉन्फरन्सला गेले.

मला मात्र ते कोमट पितळ बोटाला लागतच होतं. गुरुवारी सकाळी, सर नाहीत बघून, मी काकांकडे तंबाखूतला चुना मागितला. ते म्हणाले, बाय, तू पन सुरू केलीस? मी म्हटलं, नाही हो काका, आठवीचा प्रयोग करायचाय. चुना पाण्यात कालवला, गाळला, वरची निवळी ग्लासात घेतली. कार्बन डायऑक्साइड सोडला की निवळी दुधाळ होते. सीओटूचं लेबल असलेल्या सिलिंडरची नळी आत सोडली. बुडबुडे, बुडबुडे, बुडबुडे. निवळी जशीच्या तशी.

मला वाटलं, माझा चुनाच खराब. म्हणून दुसरा ग्लास काकांपुढे धरला, मामांकडून स्ट्रॉ आणली आणि म्हटलं, तुम्ही फुंका.

काकांनी गाल फुगवून फुंकलं. दोन मिनिटांत ग्लासात ताक.

काका एकदा त्यांच्या ग्लासाकडे बघतात, एकदा सिलिंडरच्या. मग म्हणाले, "म्हंजे गॅस माझ्या तोंडात हाय, सिलिंडरात नाय?"

त्यांनी किल्लीनं सिलिंडरचा पोपटी रंग खरवडला. खाली राखाडी. दोन्ही सिलिंडरांत नायट्रोजनच. आम्ही दीड तास नायट्रोजनमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा करत होतो, आणि त्याचा एक कणही आमच्या हातून निसटला नव्हता.

मी म्हटलं, पण काका, नळी बसलीच कशी? वायू चुकू नये म्हणून तर प्रत्येकाच्या तोंडाचे आटे वेगळे ठेवतात. काका पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागले. नव्हतीच बसत. पण लेबलवर तर सीओटू लिहिलेलं. म्हणून त्यांनी कॅम्प २मधल्या लेथवाल्याकडून मधला जोड बनवून आणला होता. तासाभरात. सरांनी तेव्हा पाठ थोपटली होती आणि सांगितलं होतं, याला जुगाड नाही म्हणायचं, इनोव्हेशन म्हणायचं.

तो जोड बघितला मी. काय फिनिशिंग होतं! कॅम्प २वाल्यांना मानलं पाहिजे. चुकू नये म्हणून केलेली सोय त्यांनी इतक्या सफाईनं मोडून दिली होती, की एक थेंब लीक नाही.

* * *

तेव्हा घड्याळात दहा वीस झाले होते.

मी हिशोब लावला. पेटी काम करते याचा आता काहीच पुरावा नाही. दमट खोलीत तर ती नुसती पाणी पीत बसली असणार. म्हणजे केळ्यांनी सोमवारपासून सोडलेला श्वास आतच आहे. पण मीटर कमी दाखवतो. पेटी काम करत नसताना मीटर कमी दाखवतो, म्हणजे लव मीटरमध्ये शिरली. ज्या लवीनं आख्ख्या कंपनीला भोईर करून टाकलं, तिला केळीच्या खोलीच्या मीटरला किती वेळ लागणार? आणि अकरा वाजता सुनंदाताई आत जाणार. दार उघडं न टाकता, कारण रिपोर्टवर माझी सही आहे.

सरांना फोन लावला. कट झाला आणि मेसेज आला, की मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू का. मी मेसेज टाकला, सर, सिलिंडरमध्ये नायट्रोजन होता. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं, पांढऱ्या अस्वलाचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

केवलभाईंना लावला. नुसती रिंग. काका म्हणाले, सकाळच्या वेळी शेठ दरबारात सत्संगाला असतात, फोन गाडीत ठेवून. त्यांच्या ऑफिसचा नंबर व्यस्त, पुन्हा व्यस्त.

सुनंदाताईंना लावला. रिंग, रिंग, रिंग. आपण कॉल करत असलेली व्यक्ती.

काकांनी अ‍ॅक्टिव्हा काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेटशिवाय मागे बसले, तेही घाबरायला विसरून. भोईरकाकांनी भट्टीवर वीस वर्षं काढली आहेत, त्यांना तापमान सावकाश चढवायची सवय आहे. गाडीही ते तशीच चालवतात. मी सांगत होते, काका, जरा जोरात. ते म्हणत होते, पंचवीसवर हाय बाय, अजून किती.

पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक. समोर टेम्पो, त्यात गाद्या. मी पुन्हा लावला. रिंग संपली. पुन्हा लावला.

मला आत्तापर्यंतचे सगळे खोटे अलार्म आठवायला लागले. कुकर, बेल, सेफ्टी व्हॉल्व्ह, शेजारच्या काकूंचा मिक्सर. देवाला सांगितलं, हा पण त्यातलाच निघू दे. मी हसण्यावर नेते. मी स्वतः पेढे वाटते.

"बाय," काका पुढून म्हणाले, "माझे खांदे नको दाबूस. ब्रेक थितं नाय."

मी हात सैल केले. दहा पन्नास. पुढचा टेम्पो हलला आणि पुन्हा थांबला. काकांनी गाडी फुटपाथला चढवली, जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं, आणि हॉर्न दाबूनच धरला. एक बाई पिशव्या सावरत बाजूला झाल्या आणि आम्हाला जे बोलल्या, ते सिंधीत होतं हे बरं झालं. काका मान खाली घालून पुढेच.

दहा अठ्ठावन्न. कॅम्प ५ची कमान ओलांडली. अजून तीन गल्ल्या. सातव्यांदा लावला, फोन कानाला इतका दाबून की कानातलं टोचत होतं. एक रिंग. दोन. पाच. आठ. काका गल्लीत वळले. नऊ.

खट्ट झालं. मागे कंप्रेसरची घरघर, आणि कुणीतरी काहीतरी चावतंय.

मी म्हटलं, "सुनंदाताई, आत जाऊ नका."

"क्वान? अक्षता मॅडम काय?" घास गिळल्याचा आवाज. "दारातच बसलेय गो, भाकर खात. दार उघडा टाकलंय ना, तवर बसते. रोजच बसते सोमवारपासून. शेठला नको सांगू."